तलवारीवरची शपथ

“सांभाळा, पण आपला म्हणू नका,” तान्हं बाळ हाती देताना मठातल्या बाई बोलल्या होत्या. एमरिक सरदारानं दुसऱ्याच दिवशी ‘मुलगा झाला’ म्हणून अख्ख्या गावाला सफरचंदाची दारू पाजली.

तेच बाळ, थिबो, आता तरणा झाला होता; आज त्याची पहिली भालझुंज, घोड्यावरून भाल्यांची लढत. त्याआधी बापानं भाटापुढे तलवारीवर हात ठेवून पोराचं कूळ सांगायचं असतं. खोटं बोललं तर बेइज्जती म्हणून पोराची ढाल उलटी टांगतात. खरं बोललं तर पोर ‘आबा’ म्हणायचं सोडणार. जन्मभर दर झुंजीत घोड्यावरून पडून माती खाल्लेल्या एमरिकला आज उभ्याउभ्याच घाम फुटला.

“थिबो, तू माझ्या रक्ताचा नाहीस रे.”



थिबोनं खोगिराचा पट्टा आवळला. “ठाऊक आहे, आबा. सातव्या वर्षी घोड्यावर बसलो आणि पडलो नाही, तेव्हाच कळलं होतं.”