गादीतला खळगा

गादीवाल्याला एक खोड होती. दुरुस्तीला आलेली गादी हातानं चाचपायची आणि त्या घरातलं गुपित तोंडावर सांगून टाकायचं. डबल गादीत बहुधा दोन खळगे निघत आणि मधे बांधासारखा उंचवटा. त्याच्या स्वतःच्या घरीही तीच तऱ्हा होती. म्हाताऱ्या गुरुजींच्या गादीत मात्र मधोमध एकच खोल खळगा होता, आणि एक कड जराशी दबलेली.

"गुरुजी, जन्मभर एकटेच राहिलात वाटतं? मग एवढी ऐसपैस गादी कशाला केलीत?"

गुरुजी हसले. "दोघं होतो रे. लग्न झालं तेव्हा एकट्यापुरतीच गादी घ्यायची ऐपत होती. पुढे ही मोठी केली, पण सवय काही सुटली नाही. कितीही भांडून दोन टोकांना झोपलो, तरी सकाळी जाग यायची ती गादीच्या मधोमधच."

गादीवाल्यानं जीभ चावली. "मधे नवा कापूस भरतो. एकदम सपाट करून देतो."

"नको, मधलं आहे तसंच राहू दे. ही कड तेवढी भर. ती गेल्यापासून मी इथेच झोपतो. मधे एकट्यानं जाववत नाही."