खडूचा गोल

"हात वर. अजून वर. आणि श्वास घे की बाई, पुतळा नाहीस तू!"

धाकटी हसली आणि टाचणी टोचली. तिच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट होता. पुढच्या महिन्यात ती शाळेची मुख्याध्यापिका होणार होती. ताईने शिवलेला कोट घालूनच त्या खुर्चीत बसायचं, हे ठरलेलं होतं.

ताई तीस वर्षं शिवणकाम करत होती. जिथे हात थबकेल तिथे आधी खडूची खूण, मग पुढचं काम, ही तिची शिस्त. धाकटीच्या डाव्या बगलेपाशी तिने कापड दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग तिथे एक छोटा गोल काढला.

"हा कसला गं?"

"इथे खिसा येईल."

"बगलेत?"

"नवी फॅशन आहे. तुला काय कळतंय त्यातलं!"

चार दिवसांनी ताईचा फोन आला. "मला छातीत गाठ लागतेय."

आईने अशीच गाठ वर्षभर लपवली होती आणि डॉक्टरांकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून तपासणीचा विषय निघाला की धाकटी उठून चहा टाकायला जायची. ताई सांगून सांगून थकली होती.

"आजच्या आज दाखव!" धाकटी ओरडली.

"एकटीला भीती वाटते. तूही तपासून घेणार असशील तर जाते. नाहीतर राहू दे."

ताई आणि भीती! भुंकणाऱ्या कुत्र्याला दटावून गप्प बसवणारी बाई ती. पण धाकटीला त्या वेळी आई सोडून काही दिसत नव्हतं.

"घेते," ती म्हणाली.

दवाखान्यात ताई आधी आत गेली, मग धाकटी. फोटो निघेपर्यंत धाकटी ताईसाठीच देवाचा धावा करत होती. स्वतःचा विचार तिच्या मनालाही शिवला नाही.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी पहिला लिफाफा उघडला. "मोठ्या बाईंचं सगळं व्यवस्थित आहे. गाठ वगैरे काही नाही."

"भास झाला असेल मला," ताई म्हणाली. धाकटीने तिला मिठी मारली आणि हुंदके देऊन रडली.

डॉक्टरीणबाईंनी दुसरा लिफाफा जरा सावकाश उघडला.

पुढच्या तपासण्या झाल्या. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बऱ्या होण्याची आशा खूप चांगली आहे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताई तयार कोट घेऊन आली. धाकटी आरशासमोर उभी राहिली. कोट चापूनचोपून बसला होता.

"तुला तो भास झाला म्हणून मी वाचले," ती म्हणाली. "नशीब म्हणायचं."

"नशीबच," ताई म्हणाली आणि एक सुटलेला दोरा दातांनी तोडू लागली.

धाकटीने डोळे पुसले आणि रुमाल ठेवायला हात डाव्या बगलेपाशी नेला.

तिथे खिसा नव्हता.