चारशे मासे

"माझ्या माशांचे कापायच्या आधीच तुकडे होतात गो, बाय," बाबा फोनवर म्हणाले. निवृत्तीनंतर पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहायला शिकून ते आपल्या टिपणांतून मालवणकडच्या माशांची नावं वेचत होते. 'तारली' मात्र 'त' आणि 'रल' अशी तुटून येत होती.

"रविवारी बघते, बाबा."

"बघ. मासे कुठे पळतात!"

शनिवारी बाबा गेले.

तेराव्यानंतर मी त्यांचा लॅपटॉप उघडला. त्यांच्या प्रोग्रॅममधला शब्द शोधायचा नमुना काना-मात्रांना अक्षरं मानतच नव्हता. एक ओळ बदलली आणि चारशे नावं अखंड उतरली.

कॉलेजात गेल्यापासून समजावणारी मीच होते. त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. यादी वाचताना मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, यातले निम्मे मासे मला ओळखता येत नाहीत. शिकवा ना."