ड्युटी संपताना पुसलेलं

"तुमच्या हॉस्पिटलातूनच फुटलंय," शेजारच्या मालूताई डोणगावकर जिन्यात अडवून रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या लेकीचं दुखणं अख्ख्या सोसायटीला कळलंय."

कुंदा सिस्टर उसळली. "मालूताई, ड्युटी संपली की पेशंटची सगळी माहिती आमच्या डोक्यातून पुसून पुढच्या सिस्टरच्या डोक्यात घातली जाते. आमच्याकडे काही उरतच नाही. तुमची लेक आमच्या वॉर्डात आहे, हेसुद्धा मला आत्ता कळतंय!"

घरात शिरतानाही तिची बडबड चालूच होती. जाऊबाई मात्र खाली मान घालून शेंगा सोलत होत्या.

"कुंदा, मला तूच सांगितलंस," त्या हळूच म्हणाल्या. "मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत फोन करून. म्हणालीस, संध्याकाळी माझ्या डोक्यात राहणार नाही, म्हणून आत्ताच सांगते. मग मी भजनी मंडळात बोलले."

मालूताईंवर चढवलेला आवाज कुंदाच्याच कानांत घुमत होता. आपण नेमकं काय सांगितलं, ते तिला काही केल्या आठवेना.

"पण झालंय काय तिला?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने चटकन स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.