टॉवेलाखालचं प्रकरण

ज्ञान कधी नष्ट होत नाही, ते फक्त रूप बदलतं, यावर प्रभुलिंग मास्तरांची अढळ श्रद्धा होती. गडहिंग्लजच्या केबलवर आकारामतात्यांनी म्हशींविषयी जे ज्ञान सांगितलं, त्यानं तर वर्षभरात तीनदा रूप बदललं होतं. 'पारख म्हशीची' या कार्यक्रमाच्या तेरा भागांवरून आधी ऑडिओ कॅसेटी निघाल्या, मग साप्ताहिकात सदर आलं, मग डेअरीच्या कॅलेंडरवर महिन्याला एक सुविचार. डिसेंबरचा सुविचार होता, 'शेपूट बघून घ्यावं.'

आता पुस्तक निघायचं होतं. मुखपृष्ठ आधीच छापून झालं होतं : 'तेरा प्रकरणे. शब्दांकन : प्र. शि. पट्टणशेट्टी.' चौतीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिकवलेल्या माणसाला ही ओळ रोज उठून बघावीशी वाटे. मास्तर बघतही होते. एक प्रत उशाखालीच होती.

अडलं होतं तेराव्यावर.

केबल ऑफिसच्या मागच्या खोलीत मास्तर सकाळपासून व्हीसीआरपुढे बसले होते. पहिली बारा प्रकरणं त्यांनी निभावली होती. पडद्यावर तात्या 'हे असं बघायचं, असं न्हाय, असं' म्हणत, आणि त्या तीन 'असं'मधून मास्तर चार परिच्छेद काढत. पण तेरावा भाग सौद्याचा होता. तात्यांनी चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात दलाली केलेली, आणि त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. पडद्यावर बावीस मिनिटं एक टॉवेल हलत होता.

"याची कॅसेट कशी काढलीस रे?" मास्तरांनी विचारलं.

"हाय तशीच काढली की, सर," विजयसिंह म्हणाला. केबल त्याची, आणि एकेकाळी तो मास्तरांच्या वर्गातला. "दोघं आलते परत घेऊन, कोरी हाय म्हणून. म्हटलं, नीट ऐका, मधी म्हैस वरडतीय."

"अरे, पण मी लिहू काय?"

"ते तुमी बघा. उद्या प्रेसला मजकूर गेला न्हाय तर देसाई सरांकडनं लिहून घ्यायला लागंल. ते रिकामेच हायत."

"आणि मुखपृष्ठावरचं माझं नाव?"

"त्यावर पट्टी चिकटवूया की."

मास्तरांनी व्हीसीआर बंद केला. शेजारी तात्या बशीतून चहा पीत बसले होते.

"तात्या, एवढं सांगून टाका. कुठलं बोट म्हणजे काय?"

"लिवणार म्हंतासा?"

"हो."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "बोलून सांगायची चीज न्हाय ती, गुरुजी. हात आणा इकडं."

खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर पडला. आत तात्यांची बोटं चालू लागली. मास्तर आधी बिचकले, मग त्यांनीही दाबून पाहिलं.

"ही दोन धरली म्हणजे?"

"दोन. आता तुमी उत्तर द्या. एवढ्यात कबूल हू नका, जरा रागानं हात वडा."

मास्तरांनी रागानं हात ओढला. तात्यांनी तो पुन्हा धरला.

"आणि हे मधलं?"

"ते हजाराचं."

"अस्सं!" भागाकार पहिल्यांदाच बरोबर आलेल्या पोरासारखा मास्तरांचा चेहरा उजळला. दहा मिनिटं ते दाबत होते, दाबून घेत होते, मान हलवत होते. शेवटी तात्यांनी अख्खा पंजा घट्ट दाबला. मास्तरांनीही तितक्याच उत्साहानं दाबला.

"हे काय?"

"हे म्हंजे झालं."

"काय झालं?"

"सौदा."

मास्तर हसले. तात्या हसले नाहीत.

"अहो, मी शिकत होतो!"

"मी कुठं न्हाय म्हंतोय? शिकलासा की. पर खोटा सौदा टावेलाखाली हुईत न्हाय, गुरुजी. चाळीस वर्सांत माझा एक शब्द मागं गेल्याला न्हाय. आन् तुमाला तर अख्खं गाव गुरुजी म्हंतंय."

"पण म्हैस कुठाय?"

"मुरगुडात. उद्या पोच हुईल."

मास्तरांनी न्यायासाठी विजयसिंहाकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.

"हलू नका, सर," तो म्हणाला. "चौदावा भाग झाला."

तात्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "आता लिवा काय लिवायचं ते," म्हणाले आणि चहाच्या उरलेल्या घोटाकडे वळले.

मास्तरांनी पेन उघडलं. बोटांचं सगळं त्यांना कळलं होतं. उदाहरणादाखल एखादा सौदा दिला की प्रकरण चांगलं आठ पानं भरलं असतं. पण त्यांच्या डोक्यात आता एकच आकडा होता, आणि मुद्रितं घरी त्यांच्या पत्नी शांतादेवी तपासत. बराच वेळ कोऱ्या कागदाकडे बघून त्यांनी एक ओळ लिहिली आणि खाली रेघ ओढली : 'हा विषय वाचून समजत नाही.'

पुस्तक पंधरा दिवसांनी निघालं. नावावर पट्टी लागली नाही.

म्हैस दुसऱ्याच दिवशी आली. ती भाकड होती. भाकड म्हैस दहा हातांवरून कशी ओळखावी, हे आठव्या प्रकरणात आहे.