मालक घरी आहे

“‘मालक घरी आहे’ हे कुणाच्या फोनात आहे हो?” नेट बसवायला आलेल्या मिस्त्रीने लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं, आणि शिवणखोलीतल्या साऱ्या बायका मशीन थांबवून हसायला लागल्या.

“आमचा मालक घरीच असतो. तीच तर रड आहे,” कॉलरवाली म्हणाली.

काजवालीही हसली. हसली नसती तर सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं असतं. काज कापण्याआधी टोकाला आडवी टाचणी लावायची असते, म्हणजे पातं टाके ओलांडून पुढे जात नाही. आज ती टाचणी तिच्या ओठांतच राहिली. डॉक्टरांचा पांढरा कोट बोटभर फाटला. आठ महिन्यांत तिच्या हातून फाटलेला हा पहिलाच कपडा.

“म्हणजे नेमकं काय ते?” बाईंनी विचारलं. खोली बाईंची, मशीनही बाईंचीच. कामाच्या वेळी हसू कशावरून फुटलं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

मिस्त्रीला विचारायचाच अवकाश होता. “हे बघा, फोनला घरच्या नेटची सवय लागते. नवे फोन जरा तोंड मिटून असतात. एखादा जुना असला, की जाईल तिथे घरच्या नेटचं नाव घेऊन हाका मारत बसतो. आहेस का, आहेस का. आपल्याला ऐकू येत नाही, माझ्या या यंत्राला येतं. पण नाव भारी ठेवलंय बरं का, ज्याने कुणी ठेवलंय त्याने.”

ठेवलं होतं काजवालीच्या नवऱ्याने. तोही हेच काम करायचा, लोकांच्या भिंतींना भोकं पाडून नेट बसवण्याचं. त्याच्यापासून पळताना तिने गाव सोडलं, जुना नंबर टाकून दिला, केस कापले, लेकीचं शाळेतलं आडनावसुद्धा बदललं. फोन तेवढा ठेवला, कारण त्यात तिच्या गेलेल्या आईचा आवाज होता. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच. आठ महिने तिच्याच कमरेला राहून तो नवऱ्याला हाका मारत होता.

“भाऊ,” दोरा तोडत तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “समजा, दुसऱ्याच कुणी त्या नावाचं नेट सुरू केलं, आणि ते खिशात घालून गावोगाव फिरला, तर?”

“पासवर्डही तोच ठेवला, तर फोन बिचारा फसतो, ताई. तुम्हाला विचारत नाही की सांगत नाही. जाऊन बसतो त्याच्या मांडीवर.”

“आणि त्या माणसाला कळतं?”

“कळतं की. पाहुणा आला म्हणून लगेच दिसतं त्याच्या फोनवर.”

“मग ते नाव काढून कसं टाकायचं?”

या वेळी मिस्त्रीने मान वर केली. तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. “नावावर बोट ठेवा. ‘विसरा’ असं येईल. ते दाबा.”

तिने फोन कोटाखाली धरून उघडला. यादीत वरच ते नाव होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘जोडले आहे.’

ती कितीतरी वेळ ते वाचत राहिली. घर इथून एका रात्रीच्या बसवर होतं.

“भाऊ, हे असं का दाखवतंय?”

मिस्त्रीने तिचा फोन पाहिला, मग स्वतःचा लॅपटॉप. “हे मघाशी नव्हतं,” तो म्हणाला. “मघाशी नुसती तुमच्या फोनची हाक होती. आता कुणीतरी ओ देतंय. सिग्नलची एकच दांडी आहे, म्हणजे लांब आहे. गल्लीच्या तोंडाशी असेल.”

तिने फोन बंदच करून टाकला. बटण दाबून धरलेलं बोट पांढरं पडलं, स्क्रीन काळी झाली, तरी तिने बोट काढलं नाही. समोर भिंतीवरचं घड्याळ पाचला पाच कमी दाखवत होतं. पाचला शाळा सुटायची. लेक रोज एकटीच चालत यायची, त्याच गल्लीच्या तोंडाने. आणि बापाला पाहून ती पळाली नसती. धावत गेली असती.

“बाई,” ती म्हणाली. तिने घड्याळाकडे बोट दाखवलं.

आठ महिन्यांत बाईंनी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. ती खिडकीपाशी का बसत नाही, रोजच्या चहालाही खाली का उतरत नाही, कशाबद्दलच नाही. आताही त्यांनी विचारलं नाही. पायांत चपला सरकवल्या.

“तू इथून हलायचं नाहीस. चिमणीला मी मागच्या वाटेने आणते.” मग कॉलरवालीकडे वळून, “मी गेले की आतून कडी घाल. माझा आवाज ऐकल्याशिवाय उघडायची नाही.”

कडी लागली. बायकांनी मशीन परत सुरू केली नाहीत. फाटलेला कोट काजवालीच्या मांडीवर तसाच पडला होता. तिचा फोन बंद होता. तरी मिस्त्रीच्या लॅपटॉपवर ते नाव होतं तिथेच होतं.

“दोन,” मिस्त्री म्हणाला. तिला सांगावं की सांगू नये, हे त्यालाच कळत नव्हतं. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाला, “तीन.”

चौथी दांडी दिसली. लॅपटॉप मिटून त्याने शिडी उचलली, दाराला आडवी लावली, आणि शिडीला पाठ टेकून उभा राहिला.