नऊवारीचा पडदा

शहाण्णव साली बारामतीत दुसरी खोली परवडेना, म्हणून प्रियदर्शनीनं आहे त्याच भाड्याच्या खोलीत सासूबाईंची नऊवारी दुहेरी करून आडवी बांधली. पलीकडं सासूबाई निजू लागल्या.

काही दिवसांत पडदा समोरच्या खिळ्याला पुरेना. तिनं घडी मोडली. तरी तोकडाच.

"आत्याबाई, जागा पुरतीय का?" तिनं अलीकडूनच सासूबाईंना विचारलं.

"लई हाय." आवाज लांबून, वाऱ्याबरोबर आला. "हितनं आपलं डाळजचं रान दिसतंय."

ते रान उजनी धरणाच्या पाण्याखाली जाऊन वर्षं लोटली होती.

पडदा बाजूला करायचा तिला धीर होईना. हात आपोआप जोडले गेले. मग तिनं खालून चहाची कपबशी सरकवली.

बऱ्याच वेळानं बशी परत आली. ऐन वैशाखात तिच्यात कोवळा हुरडा होता, नुकताच भाजलेला.